कारले आणि त्याची रानातील भावंडे

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व विस्तार कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भोंडल्याच्या गाण्यांपैकी एक गाणे महाराष्ट्रातील बहुतेक घरांत ठाऊक आहे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते आणि सासू तिला कारल्याचे बी पेरावयास सांगते. बी पेरून होताच ते उगवेपर्यंत थांबावयाचे, उगवले की वेल वाढेपर्यंत, वेल वाढला की फूल येईपर्यंत, फूल आले की कारले लागेपर्यंत, आणि कारले लागले की त्याची भाजी होईपर्यंत. या सासूच्या स्वभावाविषयी आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. तिच्या शेतीज्ञानाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. गाण्यातील क्रम वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे. बी टोकल्यापासून पहिले फळ तोडणीस येईपर्यंत साधारणतः ५५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे त्या सुनेचे माहेर सुमारे दोन महिन्यांनी लांबले, असा हा सरळ हिशेब आहे.

कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, अशी म्हण आहे. स्वभाव न पालटणाऱ्या माणसासाठी ती वापरली जाते. परंतु ज्या कडूपणाला म्हणीने दोष ठरविले, त्याच कडूपणासाठी हा वेल परसात, मांडवावर आणि बाजारात शतकानुशतके टिकून राहिला आहे. या कडू घराण्याची ओळख, त्याची लागवड आणि त्याच्या रानातील भावंडांचे आजचे स्थान हा या व्याख्यानाचा विषय आहे.

नाव आणि कूळ

भोपळा, काकडी, दोडका, पडवळ यांच्या कुलातच कारल्याचा समावेश होतो. त्याच्या प्रजातीला स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस याने १७५३ मध्ये ‘मोमोर्डिका’ हे नाव दिले. चावणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून ते आले आहे. कारल्याचे पिकलेले बी हातात घेऊन पाहिले, तर त्याची कड कोणीतरी कुरतडल्यासारखी दिसते, आणि नावाचा उलगडा होतो. शिक्षकांनी हे बी वर्गात एकदा अवश्य दाखवावे. लॅटिन नावे केवळ घोकण्यासाठी नसून त्यांतही कोणाचे तरी निरीक्षण दडलेले असते, हे त्यातून विद्यार्थ्यांच्या सहज ध्यानी येईल.

आपल्याकडे या वेलींची ओळख अर्थातच त्याहून फार जुनी आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत कारल्यास ‘कारवेल्ल’ आणि करटोलीस ‘कर्कोटकी’ म्हटले आहे. मलबारातील वनस्पतींवर ॲमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथातही कारल्याचे चित्र व वर्णन ‘पावेल’ या तेथील स्थानिक नावाने आढळते.

या प्रजातीत सुमारे ६० जाती असून त्यांपैकी बहुसंख्य आफ्रिकेतील आहेत. आशियात जेमतेम डझनभर जाती आढळतात. आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवर आधारलेल्या २०१० मधील एका अभ्यासानुसार, या कुटुंबाचा आशियातील पूर्वज सुमारे १ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आला असावा. माणूस शेती करू लागण्याच्या कितीतरी आधी हा वेल येथील रानांत रुजला होता.

कारल्याच्या वेलाची रचना

कारल्याचा वेल वर्षायू असतो. त्याचे ताणे साधे, फाटा न फुटणारे, पाने हाताच्या पंजासारखी पाच ते सात भागांत चिरलेली, फुले पिवळी. नर व मादी फुले वेगवेगळी असली तरी ती एकाच वेलावर येतात. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली इवलेसे खडबडीत कारले आधीपासूनच दिसते. नर फुलाखाली ते नसते.

वेलावर आरंभी नर फुले येतात आणि मादी फुले मागाहून दिसू लागतात. एकंदर संख्येतही नर फुले मादी फुलांच्या कितीतरी पट असतात. दिवस मोठा आणि तापमान जास्त असेल, तर हे प्रमाण नर फुलांकडे आणखी झुकते. म्हणून पहिली फुले गळून पडलेली पाहून ‘वेलाला रोग पडला’ अशी चिंता करण्याचे कारण नसते. फुले सकाळी उमलतात आणि परागीभवनाचे काम मुख्यतः मधमाश्या करतात. सकाळच्या वेळी कीटकनाशकाची फवारणी करणारा शेतकरी आपल्याच मजुरांना शेतातून हाकलून लावत असतो, ही गोष्ट विस्तार कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावयास हवी.

आपण खातो ते कारले कोवळे, अपक्व फळ होय. वेलावर पूर्ण पिकू दिल्यास ते नारिंगी होते, टोकाकडून तीन भागांत उकलते आणि आतील बिया लालभडक गराने वेढलेल्या दिसतात. हा गर चक्क गोड असतो. त्या रंगाला व गोडीला भुलून पक्षी येतात आणि बी दूरवर नेतात. कच्चेपणी कडू राहून बीजाचे रक्षण करावयाचे आणि पिकल्यावर गोड होऊन त्याचा प्रसार साधावयाचा, अशी ही निसर्गाची योजना आहे. कारले अखेरपर्यंत कडूच राहते, हे म्हणीतील विधान तेवढ्यापुरते दुरुस्त करावे लागेल.

लागवडीची सूत्रे

कारल्याची लागवड खरिपात जून-जुलैमध्ये व उन्हाळी हंगामासाठी जानेवारी-फेब्रुवारीत करतात. पाण्याचा उत्तम निचरा होणारी मध्यम जमीन त्याला मानवते. पाणी साचून राहिले की मुळे कुजतात. बियांचे कवच टणक असल्यामुळे त्या रात्रभर पाण्यात भिजवून लावाव्यात. दोन ओळींत दीड मीटर व दोन वेलांत एक मीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे ६,६०० जागा होतात. प्रत्येक जागी दोन बिया टोकल्यास दोन ते अडीच किलो बी पुरते. खतांची मात्रा माती परीक्षणानुसार ठरवावी.

वेल जमिनीवर पसरू न देता मांडवावर किंवा ताटीवर चढविणे श्रेयस्कर ठरते. लोंबकळणारे फळ सरळ वाढते, त्याचा रंग सारखा राहतो, मातीचा संपर्क टळल्याने ते सडत नाही आणि तोडणीही सोपी होते. मांडवाचा खर्च प्रथमदर्शनी जड वाटतो. परंतु बाजारात वाकडे, पिवळे डाग पडलेले फळ आणि सरळ, हिरवे फळ यांच्या दरांतील फरक ज्याने पाहिला आहे, त्याला या खर्चाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. फळे कोवळी असतानाच दर दोन-तीन दिवसांनी तोडावीत. एखादे फळ पिकण्यासाठी वेलावर राहिले की वेलाची शक्ती बियांकडे वळते आणि पुढील बहर मंदावतो. बियाण्यासाठी फळे राखावयाची असल्यास त्यांकरिता काही वेल वेगळेच ठेवावेत.

राज्यातील कृषी विद्यापीठांनी या पिकाचे उत्तम वाण दिले आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘हिरकणी’ व ‘फुले ग्रीन गोल्ड’ आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण तारा’ हे त्यांपैकी होत. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. सुधारित सरळ वाणाचे बी मात्र इतर वाणांपासून पुरेसे अंतर राखून शेतकरी घरीही धरू शकतो, हा फरक निवड करताना लक्षात घ्यावा.

या पिकाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे फळमाशी. मादी माशी कोवळ्या फळाच्या सालीला छिद्र पाडून आत अंडी घालते. अळ्या आतून गर खातात. फळ पिवळे पडून वाकडे होते व गळते. अळी फळातून बाहेर पडून जमिनीत कोष करते आणि त्यातून नवी माशी निघते. हे चक्र ध्यानात घेतले की उपाय आपोआप सुचतात. किडकी फळे वेचून बांधावर टाकणे म्हणजे शत्रूला घर बांधून देणे होय; ती खोल पुरावीत. वेलाखालची माती हलकीशी चाळवल्यास कोष उघडे पडतात. नर माशांना आकर्षित करणाऱ्या ‘क्यू ल्यूर’ या गंधाचे सापळे उपयुक्त ठरतात. सापळा एका शेतकऱ्याने लावून भागत नाही. शिवारातील सर्वांनी एकाच वेळी लावले, तरच माशी आटोक्यात येते. भुरी रोगावर गंधकाची भुकटी वापरण्याची सवय इतर पिकांमुळे पडलेली असते. परंतु काकडीवर्गीय वेलींची पाने गंधकाने करपतात, याचा विसर पडू नये.

करटोली : दोन घरांची वनस्पती

आता या घराण्यातील रानच्या शाखेकडे वळू. पहिल्या पावसाबरोबर डोंगरउतारावर, कुंपणावर आणि झुडपांतून जो वेल आपोआप वर येतो, तो करटोलीचा. कोठे तिला कर्टुली म्हणतात, कोठे कंटोली, विदर्भात काटवल, तर गोव्यात फागलां. आषाढ-श्रावणात ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली समाजांतील स्त्रिया पाट्यांतून ही फळे घेऊन तालुक्याच्या बाजाराला येतात. भातलावणी झालेली आहे, धान्य अजून घरात यावयाचे आहे, अशा ओढग्रस्तीच्या दिवसांत या पाट्यांतून मिळणारा पैसा त्या घरांना फार मोलाचा असतो.

करटोलीचे शास्त्रीय नाव ‘मोमोर्डिका डायोइका’ असे असून ते १८०५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘डायोइका’ म्हणजे दोन घरांची. कारल्यात नर व मादी फुले एका वेलावर असतात. करटोलीत नर वेल निराळा आणि मादी वेल निराळा. तिचा वेल पावसाळा सरला की वाळून जातो, परंतु जमिनीखालचा कंद जिवंत राहतो आणि पुढील वर्षी पुन्हा अंकुरतो. फुले फिकट पिवळी, सुगंधी असून सायंकाळी उमलतात. परागीभवनाचे काम रात्रीचे पतंग करतात.

ही ‘दोन घरे’ समजली नाहीत तर मोठे नुकसान होते. कुंपणावरच्या एका वेलाला भरपूर फुले येतात, पण फळ एकही धरत नाही. असा वेल ‘वांझ’ समजून उपटून टाकण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात तो नर वेल असतो. तो गेला की आसपासच्या मादी वेलांची फुलेही फळ न धरता गळून पडतात, आणि दोष मात्र पावसाला दिला जातो. ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्या फुलाच्या बुडाशी काटेरी इवलेसे फळ दिसते ते मादी; ज्याच्या बुडाशी फळ नसून फुलाला कवेत घेणारे लहान पान असते ते नर.

करटोलीची शेती अवघड का ठरली, याचेही उत्तर येथेच आहे. बी सहजासहजी उगवत नाही. उगवले तरी त्यांतील सुमारे निम्मे वेल नर निघतात, आणि कोणता वेल कोणता हे फूल येईपर्यंत कळत नाही. भोंडल्यातील सासूने सुनेला कारल्याऐवजी करटोलीचे बी पेरावयास सांगितले असते, तर माहेरचा प्रश्न पुढील पावसाळ्यापर्यंत लांबला असता. म्हणून लागवड कंदापासून करतात. फुलांच्या दिवसांत वेलांवर खूण करून ठेवावी, वेल सुकल्यावर कंद ओळखून काढावेत आणि पावसाच्या तोंडावर साधारणतः आठ ते दहा मादी कंदांमागे एक नर कंद या प्रमाणात शेतभर विखरून लावावेत. पतंग कमी असतील तेथे सायंकाळी नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलावर हाताने टेकवावेत. फळधारणा निश्चित वाढते. एकदा लावलेले कंद नीट राखल्यास अनेक वर्षे उत्पन्न देतात. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘इंदिरा कंकोडा-१’ हा निवडक वाण दिल्यापासून या पिकाकडे शेतकऱ्यांचे लक्ष वेधले गेले आहे.

सह्याद्रीचे आणि माळाचे वेल

ज्याला आपण सरसकट करटोली म्हणतो, ती प्रत्येक वेळी एकच जात असते असेही नाही. पश्चिम घाटाच्या ओलसर, भरपूर पावसाच्या भागात मोठ्या, गडद पिवळ्या फुलांचा एक वेल आढळतो. त्याची फुले सायंकाळी नव्हे, तर सकाळी उमलतात. वर्षानुवर्षे ही करटोलीच समजली गेली. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी ती स्वतंत्र जात असल्याचे दाखवून दिले आणि तिला ‘मोमोर्डिका सह्याद्रिका’ हे नाव दिले. जगात अन्यत्र न आढळणारी ही जात आहे. बाजारात पाटीभर विकली जाणारी, पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाणारी भाजी विज्ञानाच्या वहीत मात्र एकविसाव्या शतकात दाखल होते, ही बाब विचार करावयास लावणारी आहे.

मराठवाडा, सोलापूर, नगर या कोरड्या भागांत काळ्या जमिनीतील बांधांवर येणारी कडवंची ही याच कुटुंबातील. तिची फळे बोटाच्या पेराएवढी, काट्यांऐवजी कंगोरे असलेली, आणि वेल कंदापासून फुटणारा. एकाच वेलावर नर-मादी फुले येत असल्याने करटोलीची अडचण तिला नाही. बंगाल व ईशान्येकडे काक्रोल लोकप्रिय आहे. त्याचा ‘अर्का भारत’ हा वाण भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या कर्नाटकातील चेट्टळ्ळी केंद्राने दिला. व्हिएतनाममध्ये ‘गॅक’ नावाच्या भावंडाच्या लाल गरात शिजविलेला भात मंगलप्रसंगी करतात. तोच वेल अंदमान व आसामातही आढळतो.

या जातींचा परस्परांशी सहज संकर होतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. कारल्याच्या पेशीत २२ गुणसूत्रे असतात; करटोली, सह्याद्रिका व गॅक यांच्या पेशींत २८, तर काक्रोलच्या पेशीत ५६. त्यामुळे कारल्याच्या सुधारणेसाठी कारल्याचेच लहान फळांचे रानटी रूप अधिक उपयोगी पडते, आणि करटोलीच्या सुधारणेसाठी तिची २८ गुणसूत्रांची भावंडे. यांपैकी एक जरी दुवा निखळला, तरी उद्याच्या वाणासाठी लागणारे गुण कायमचे गमावले जातात.

औषधी गुणांविषयी

कारल्याचे नाव निघताच मधुमेहाचा उल्लेख होतोच. कारल्यातील काही घटक रक्तातील साखर कमी करतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु मधुमेही रुग्णांवरील चाचण्यांचा २०१२ मध्ये जो सर्वंकष आढावा घेण्यात आला, त्यात कारल्याची शिफारस करता येईल इतका पुरावा मिळाला नाही. भाजी म्हणून कारले अवश्य खावे. पण रसाच्या भरवशावर गोळी किंवा इन्शुलिन बंद करू नये. औषधे चालू असताना जास्त प्रमाणात रस घेतल्यास साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना असा रस देऊ नये. शाळेतील शिक्षक व गावातील कार्यकर्ते यांच्या शब्दाला वजन असते. म्हणून ही मर्यादा त्यांनीच स्पष्ट सांगणे इष्ट.

पंचायतीने काय करावे

करटोलीला बाजारात चांगला भाव मिळू लागला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच भावात तिच्या नाशाचे बीजही आहे. मादी वेलावरील शेवटचे फळही तोडले गेले तर बी पडत नाही. लागवडीसाठी रानातील कंद खणून नेले तर पुढील वर्षी तेथे वेल फुटत नाही. बांध पेटविले, तणनाशक फवारले, कुंपण काढून तारा लावल्या, की वेलाला चढावयास आधारही उरत नाही. यांपैकी प्रत्येक कृती करणाऱ्याला ती किरकोळ वाटते. नुकसान मात्र त्या पाटीवर संसार चालविणाऱ्या स्त्रीचे होते, आणि ते कोणाच्याही पंचनाम्यात येत नाही.

कायद्याने गावाच्या हाती साधने दिली आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. वनहक्क अधिनियम, २००६ ने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला. त्यात कंदमुळांचाही समावेश आहे. त्याचबरोबर जैवविविधतेचे रक्षण करण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर सोपविली. पिकांचे रानटी आप्त जतन करणाऱ्या शेतकऱ्यांचा गौरव करण्याची तरतूद वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मध्ये आहे.

कायदा कागदावर असतो. नोंदवही गावात भरावी लागते. ती भरताना ‘करटोली – आढळते’ एवढी ओळ पुरेशी नाही. वेल कोठे आहेत, फुले सकाळी उमलतात की सायंकाळी, नर वेल किती व मादी किती, फळे कोण गोळा करते, पूर्वीपेक्षा कमी झाली की जास्त, हे सारे लिहिले गेले पाहिजे. आणि ते सांगू शकणारी व्यक्ती बहुधा सभेच्या शेवटच्या रांगेत बसलेली असते. दररोज रानात जाणाऱ्या त्या स्त्रीला नोंदवही भरताना पुढे बसविले पाहिजे. शाळेतील मुलांना एका पावसाळ्यात नर-मादी वेल मोजण्याचे काम दिले, तर वनस्पतिशास्त्राचा तो सर्वोत्तम तास ठरेल. ग्रामसभेने तीन साधे नियम ठरवावेत : प्रत्येक मादी वेलावर काही फळे पिकण्यासाठी राखावीत, रानातील कंद खणू नयेत, लागवडीचे कंद लागवडीतूनच वाढवावेत, आणि नर वेल तोडू नये.

श्रोतेहो, भोंडल्यातील सासूने सुनेला जे शिकविले ते एवढेच, की वेलाला त्याचा वेळ द्यावा लागतो. परसातल्या कारल्याला तो दोन महिन्यांचा पुरतो. रानातल्या करटोलीला एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंतचा लागतो, आणि त्या मधल्या काळात तिचा कंद जमिनीत तसाच राहू द्यावा लागतो. तेवढे पथ्य गावांनी पाळले, तर पुढील आषाढातही बाजाराच्या वाटेवर त्या पाट्या दिसतील.